खुर्द्याचा हिशेब : ‘माझा प्रवास’ आणि युद्धाची किंमत

प्रास्ताविक

युद्धावरील साहित्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम पानिपत उभे राहते. १७६१च्या त्या संहाराची वार्ता दक्षिणेत एका सांकेतिक पत्राने पोहोचली, असे परंपरेने सांगितले जाते. ते पत्र सावकारी भाषेत होते. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे त्यात मोती ठरले, नामांकित सरदार मोहरा ठरले आणि उरलेले सारे लोक रुपये व खुर्दा. मोत्यांची संख्या सांगितली गेली, मोहरांचीही सांगितली गेली. खुर्द्याबद्दल मात्र गणती नाही एवढेच कळवले गेले. हा निरोप आपल्याला तोंडपाठ असतो, पण ‘खुर्दा’ या शब्दापाशी आपण सहसा थांबत नाही. ज्यांची गणती झाली नाही ती माणसे कोण होती, त्यांच्या घरांचे पुढे काय झाले, हे त्या पत्राला सांगायचे नव्हते. पुढे बखरींनीही मुख्यतः सेनापतींचे मनसुबे, सरदारांतील दुही आणि पराभवाचा दोष यांचाच ऊहापोह केला.

मग खुर्द्याचा हिशेब मराठीत कोणी मांडला? या प्रश्नाचे माझे उत्तर विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हे आहे. हा ग्रंथ १८५७च्या बंडाची हकीगत म्हणून प्रसिद्ध आहे. राणी लक्ष्मीबाईंचे समकालीन वर्णन त्यात असल्यामुळे इतिहासाचे अभ्यासक त्याकडे वळतात, आणि प्रवासवर्णनाचा एक आरंभीचा नमुना म्हणून वाङ्मयेतिहासात त्याची नोंद होते. या दोन्ही ओळखी योग्य आहेत. तरीही युद्धात नसलेल्या माणसाने युद्धाची किंमत कशी नोंदवली, या दृष्टीने तो फारसा वाचला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने, विशेषतः त्यातील झाशीच्या प्रकरणांच्या आधारे, विचार करावयाचा आहे.

आपल्या भागातील वाचकांसाठी या ग्रंथाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. इंदूर, महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी ही त्याची भूमी आहे. मध्य भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचे वाडे, देवळे, अन्नछत्रे, भिक्षुकी, नोकऱ्या यांचे जग त्यात दिसते, आणि ते जग तोफांखाली येतानाही दिसते. मराठी गद्यातील हा पहिल्या प्रतीचा मजकूर आपल्याच परिसरात घडला आहे. तो आपल्या वर्गांत कसा शिकवावा, हा माझ्यापुढचा व्यावहारिक प्रश्न आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

विष्णुभटांचा जन्म १८२७चा. कोकणातील पेणजवळचे वरसई हे त्यांचे गाव. घर वैदिकाचे, पण डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि दानधर्मास लाखो रुपये खर्च होणार आहेत, अशी बातमी आली, आणि दक्षिणा मिळवून घरचे ऋण फेडावे या हेतूने विष्णुभट १८५७च्या आरंभी काका रामभटांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास वाटेतच त्यांना बंडाची कुणकुण लागली. मागे फिरणे त्यांना शक्य होते, पण रिकाम्या हाताने घरी जायचे कसे, हाही प्रश्न होताच. पुढे उज्जैन, ग्वाल्हेर करीत ते झाशीस आले. तेथे त्यांना आश्रय मिळाला, दक्षिणा मिळाली, आणि १८५८च्या वसंतात ब्रिटिश फौजेचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते.

त्यानंतर काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी असा दीर्घ प्रवास करून दोनहून अधिक वर्षांनी ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. आईवडिलांना त्यांनी गंगाजलाने स्नान घातले. मिळवलेले द्रव्य वाटेतच लुटले गेले होते.

ही हकीगत त्यांनी लगेच लिहिली नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ती मोडीत लिहून काढली. वैद्यांनी ती भाषा साफसूफ करून आणि काही भाग गाळून १९०७ साली छापली. तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. अवघ्या दोन वर्षांनी आलेल्या सावरकरांच्या १८५७वरील ग्रंथावर सरकारने प्रकाशनापूर्वीच बंदी घातली होती. मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. आज आपल्यापुढे एका माणसाच्या आठवणीचे दोन पाठ आहेत. अभ्यासकाने पोतदारांचा पाठ हाताशी ठेवावा. वैद्यांचा पाठ वाचायला सोपा असला तरी गोडशांच्या बोलण्याची लय त्यात गुळगुळीत होते.

वैद्यांचा उल्लेख निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवतो. ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश राहिलेल्या या पंडिताने पुढे ‘दुर्दैवी रंगू’ ही पानिपताच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी लिहिली. पानिपतावर लिहिताना त्यांनी केंद्रस्थानी सेनापती न ठेवता एक स्त्री ठेवली, तिचे दैव ठेवले. ‘माझा प्रवास’ छापल्यानंतर काही वर्षांनी ही कादंबरी आली. विष्णुभटांच्या हकीगतीचा वैद्यांवर काय परिणाम झाला याचा पुरावा शोधण्याचा माझा दावा नाही, परंतु हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, अशी शिफारस मी विद्यार्थ्यांना अवश्य करतो.

पाहिलेले, ऐकलेले, मानलेले

युद्धाची हकीगत वाचताना पहिली शिस्त ही की लेखकाने स्वतः काय पाहिले, काय ऐकले आणि त्या काळच्या सर्वांप्रमाणे काय मानले, हे वेगळे करावे. ‘माझा प्रवास’ यासाठी उत्तम अभ्यासपाठ आहे, कारण त्यात हे तिन्ही थर स्पष्ट आहेत.

बंडाच्या कारणांविषयी गोडसे लिहितात तो भाग ऐकीव आहे. हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांपुढे सरकारने धर्म बुडवणाऱ्या चौऱ्यांशी कलमांची यादी ठेवली, अशी कथा ते सांगतात. अशी यादी इतिहासाच्या कागदपत्रांत मिळत नाही. म्हणून ती टाकाऊ ठरते का? माझ्या मते नाही. धर्मशाळांत, घाटांवर आणि छावण्यांच्या कडेला लोक काय बोलत होते याची ती नोंद आहे. युद्ध सुरू होण्याआधी अफवा फिरते. ती खोटी असली तरी तिच्यामुळे मरणारी माणसे खरी असतात. राणींच्या अखेरच्या लढाईचे वर्णनही असेच ऐकीव आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडल्या तेव्हा विष्णुभट तेथे नव्हते.

झाशीचा वेढा, शहर पडणे आणि नंतरचे दिवस हा मात्र पाहिलेला थर आहे. तेथे गोडशांची वाक्ये आपोआप बदलतात. कारणमीमांसा थांबते. कोठून आवाज आला, कोण कोठे लपले, कशाचा वास येत होता, काय खाल्ले, अशा गोष्टी येऊ लागतात. पंचवीस वर्षांनी लिहिणाऱ्याच्या तारखा चुकू शकतात, क्रम मागेपुढे होऊ शकतो. पण ज्या घरात आपण जीव मुठीत धरून बसलो त्या घराचे दार कोणत्या बाजूला होते, हे माणूस विसरत नाही. विद्यार्थ्यांना मी हा फरक वाक्यांच्या पातळीवर दाखवतो. ‘असे म्हणतात’ या तऱ्हेची वाक्ये कोठे आहेत आणि ‘आम्ही’ने सुरू होणारी वाक्ये कोठे आहेत, हे त्यांनी पेन्सिलीने खुणा करून पाहावे.

वेढा आणि त्यानंतरचे दिवस

घटनाक्रम थोडक्यात असा. सर ह्यू रोज यांची फौज २१ मार्च १८५८ रोजी झाशीपुढे आली. काही दिवसांत तोफा लागू झाल्या. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांच्या सैन्याचा १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी पराभव झाला. ३ एप्रिलला तटावर शिड्या लागल्या व शहरात फौज शिरली. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडल्या. लष्करी इतिहासात झाशीचे प्रकरण जवळपास येथेच मिटते. पुढचे पान काल्पीच्या वाटेवर उघडते.

गोडशांच्या ग्रंथात मात्र शहर पडल्यावरच खरे वर्णन सुरू होते. राणी गेल्या, फौजेचा मुख्य हेतू साध्य झाला, पण शहरातील माणसे शहरातच होती. गोडसे व त्यांचे काका त्यांपैकी दोन. घरोघर शिपाई शिरू लागले, पुरुष दिसला की मारू लागले. हलवाईपुऱ्याला आग लागली. माणसे तळघरांत, विहिरींत, गंजींत लपली. रस्त्यांत आणि चौकांत प्रेते पडली, आणि पुढे त्या प्रेतांना जागच्या जागी अग्नी दिला गेला. सारे शहर स्मशानासारखे झाले आणि जळणाऱ्या देहांच्या वासाने श्वास घेणे कठीण झाले, असे ते सांगतात. हे वर्णन करताना त्यांची भाषा चढत नाही. अलंकार जवळजवळ नाहीत. कीर्तनाचा आणि पुराणाचा संस्कार असलेल्या, प्रसंगी रसाळ वर्णने करणाऱ्या या लेखकाने राणींच्या दरबाराचे, त्यांच्या पोशाखाचे, दिनक्रमाचे चित्र किती हौसेने रंगवले आहे, हे आठवले की हा बदल अधिक जाणवतो.

येथे अग्निसंस्काराचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. विष्णुभट भिक्षुक आहेत. मृतास मंत्राग्नी, नावगोत्राचा उच्चार, पिंड, तिलांजली हे त्यांचे रोजचे शास्त्र. चौकात ढिगाने जळणाऱ्या देहांना यांतले काहीच मिळाले नाही. आज आपण युद्धाची हानी आकड्यांत मोजतो. त्या माणसाच्या लेखी हानीचे एक मोठे परिमाण हे होते की मेलेल्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात रणांगणावर आलेल्या स्त्रिया आपापल्या माणसांना ओळखतात, त्यांना जलदान होते. शोकाला तेथे क्रम आहे. झाशीच्या रस्त्यांवर ओळखणारेच लपून बसले होते.

लुटीचा क्रम

ग्रंथातील जो भाग मला युद्धसाहित्य म्हणून सर्वांत मोलाचा वाटतो तो लुटीचा. शहर एकदम लुटले गेले नाही. लूट क्रमाने, पाळीपाळीने झाली असे गोडसे सांगतात. आधी सोने, चांदी, नाणे गेले. मग तांब्यापितळेची भांडी. मग कपडे. मग धान्य. शेवटी लाकूडफाट्यापर्यंतच्या वस्तू. वेगवेगळ्या पलटणींच्या वाट्याला वेगवेगळे दिवस आणि वेगवेगळा माल आला.

हा क्रम नीट वाचला तर युद्ध एखाद्या घरात कसे शिरते हे कळते. पहिल्या दिवशी घराची शिल्लक जाते, म्हणजे उद्याची तरतूद जाते. दुसऱ्या टप्प्यात भांडी जातात, म्हणजे पाणी भरून ठेवणे आणि अन्न शिजवणे अवघड होते. तिसऱ्यात वस्त्र जाते. चौथ्यात धान्य जाते, आणि आता शिजवायला भांडे असले तरी उपयोग नाही. धनिकाचे नुकसान पहिल्या दिवशी झाले, गरिबाचे शेवटच्या दिवशी. कारण त्याच्या घरी सोने नव्हते, पण ज्वारीचे मडके होते. म्हणजे लूट जसजशी ‘कमी किमती’च्या वस्तूंकडे वळत गेली तसतशी ती अधिक जीवघेणी होत गेली. हा निष्कर्ष गोडशांनी मांडलेला नाही, तो माझा आहे. त्यांनी फक्त वस्तूंची नावे क्रमाने दिली. पण दक्षिणेचा पैसा गाठीला बांधून ठेवणाऱ्या, प्रत्येक मुक्कामी काय मिळाले हे सांगणाऱ्या माणसानेच अशी यादी लिहावी, हे स्वाभाविक आहे. ज्या हिशेबी वृत्तीची काही वाचक चेष्टा करतात, तिनेच झाशीतील कुटुंबांच्या स्वयंपाकघरांची हानी आपल्यापर्यंत पोहोचवली.

याच ओघात झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश येतो. नेवाळकर घराण्याने मोठ्या आस्थेने जमवलेल्या पोथ्या, वेदांपासून शास्त्रग्रंथांपर्यंत, उधळल्या गेल्या. लुटणाऱ्याच्या दृष्टीने पोथीला मोल नव्हते, तिच्या बासनाला असेल. गोडशांनी या हानीचा उल्लेख माणसांच्या आणि धान्याच्या हानीबरोबरच केला आहे. पोथी नकलून घ्यायला किती महिने लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा तो शोक आहे.

विहिरीवरची भेट

ग्रंथातील सर्वपरिचित प्रसंग काल्पीच्या वाटेवरचा. झाशीतून जीव वाचवून निघालेल्या विष्णुभटांना एका विहिरीपाशी राणी भेटतात. अंगावर पठाणी पोशाख, सर्वांगावर धूळ, तहानेने जीव कासावीस. विष्णुभट पाणी काढून देऊ लागतात तेव्हा, आपण विद्वान ब्राह्मण, आपण मला पाणी काढून देऊ नये, असे म्हणून त्या स्वतः पाणी काढतात आणि मातीच्या भांड्यातून ओंजळीने पितात. मग त्या थोडे बोलतात. आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरेसा होता, धर्माच्या अभिमानाने हे कर्म अंगावर घेतले, आणि त्यात यश येईना, असा त्या बोलण्याचा आशय.

हा प्रसंग सहसा राणींच्या नम्रतेचा नमुना म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण झाशीच्या प्रकरणांनंतर लगेच वाचला तर त्यातील अर्धा शेर तांदूळ वेगळा दिसतो. नुकतेच आपण धान्याच्या लुटीविषयी वाचलेले असते. राज्य गेलेली राणी आणि दक्षिणा गेलेला भिक्षुक एका विहिरीपाशी उभे आहेत, आणि दोघांच्या आयुष्याचे माप आता शेरात आले आहे. राणींना येथे पराभव दिसतो आहे आणि त्या तो बोलूनही दाखवतात. पुढे ग्वाल्हेरपर्यंत त्या लढत राहिल्या, हे लक्षात घेतले की या क्षणाचे वजन कळते. त्यांचे शौर्य यामुळे कमी होत नाही. उलट हिशेब माहीत असून पुढे जाणारी व्यक्ती आपल्यापुढे उभी राहते. पुतळ्याला तहान लागत नाही. गोडशांच्या राणीला ती लागते.

कोणाची बाजू?

गोडसे कोणत्या बाजूचे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्यांची भक्ती राणींवर आहे, गोऱ्या फौजेची दहशत त्यांनी भोगली आहे. तरीही आपण बंडवाले आहोत असे ते कोठे म्हणत नाहीत. वाटेतल्या लुटारूंचे भय त्यांना कंपनीच्या शिपायांइतकेच आहे. रस्त्यावरच्या निःशस्त्र माणसाला प्रत्येक हत्यारबंद माणूस सारखाच दिसू लागतो, हे युद्धाचे एक सत्य त्यांच्या पानापानांतून येते.

या संदर्भात अध्यापकाने दोन गोष्टी जोडून सांगाव्यात. पहिली म्हणजे ८ जून १८५७ रोजी झाशीत किल्ल्यातून बाहेर आलेल्या साठच्या आसपास युरोपीय व त्यांच्या आश्रितांची, बायकामुलांसह, जोखनबागेत हत्या झाली होती. नऊ-दहा महिन्यांनी शहरात शिरलेल्या फौजेच्या मनात त्या हत्येचा सूड होता. जोखनबागेतील मुलांनी काही केलेले नव्हते, आणि हलवाईपुऱ्यातील माणसांनीही नव्हते. सूडाचा हिशेब नेहमी असाच चुकीच्या माणसांकडून वसूल होतो. केवळ एकाच बाजूचे मृत मोजून युद्धाची किंमत कळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आणि अधिक अवघड आहे. झाशीवर चालून आलेल्या फौजेत गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई लष्कराच्या देशी पलटणी आणि हैदराबादचे कंटिंजंटही होते. मुंबई लष्करात कोकणातून आणि देशावरून भरती झालेले शिपाई मोठ्या संख्येने असत. म्हणजे तटाच्या आत मराठी बोलणारी माणसे होती आणि बाहेरही असणार. पोटासाठी कोकणातून निघालेला भिक्षुक आत अडकला होता, पोटासाठीच पलटणीत भरती झालेला शिपाई बाहेर उभा होता. हा विचार गोडशांनी लिहिलेला नाही, पण त्यांच्या ग्रंथाचा आजचा वाचक तो टाळू शकत नाही.

गोडशांच्या दृष्टीच्या मर्यादा

खुर्द्याचा हिशेब गोडशांनी मांडला असे मी म्हणालो, तरी तो पुरा आहे असे नाही. त्यांना जी घरे उघडी होती ती बहुतांशी ब्राह्मणांची. त्या घरांतील माणसे नावानिशी, नात्यांनिशी येतात. कोरी, तेली, कुंभार, मुसलमान गोलंदाज, वाड्यातील दासी यांचे मरण बहुधा समूहाने येते. सोवळेओवळे, जातीचा अभिमान आणि स्त्रियांविषयीचे त्या काळचे समज ग्रंथात जागोजाग आहेत, काही ठिकाणी ते आजच्या वाचकाला खटकतीलच. अध्यापकाने हा भाग झाकू नये. पानिपतच्या पत्राला जसे आपण विचारतो की खुर्द्यात कोण होते, तसेच गोडशांनाही विचारावे की तुमच्या यादीत कोण राहिले. साक्षीदार कोठे उभा होता, हे कळल्याशिवाय साक्ष वाचता येत नाही.

येथे एक तुलना उपयोगी पडते. विसाव्या शतकात बेलारूसच्या स्वेत्लाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत स्त्रियांच्या आठवणी शेकड्यांनी ऐकून ग्रंथरूपाने मांडल्या. एकाची नजर जेथे संपते तेथून दुसरीची सुरू व्हावी, अशी ती रचना आहे. झाशीच्या बाबतीत अशी अनेक आवाजांची मराठी-बुंदेली साक्ष कोणी वेळेवर गोळा केली नाही. वैद्यांनी एका भिक्षुकाला लिहिते केले, म्हणून एक तरी आवाज राहिला. अमृतलाल नागर यांनी तो ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेला, आणि अलीकडे इंग्रजीतही त्याची एकाहून अधिक भाषांतरे झाली. ज्या प्रदेशाची ही कथा, तेथील हिंदी वाचकांपर्यंत ती एका मराठी माणसाच्या लेखणीतून पोहोचली, ही आपल्या द्विभाषिक समाजाला समाधानाची गोष्ट आहे.

वर्गात शिकवताना

ग्वाल्हेरच्या ज्या अभ्यासवर्गात मी मराठी शिकवतो तेथील मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी आहेत. राणी त्यांना शाळेतील हिंदी कवितेतून आधीच ठाऊक असतात. फूलबागेजवळची समाधी त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. झाशीची प्रकरणे वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “राणी तर निघून गेल्या, मग मागे राहिलेल्यांचं कोणी काही बांधलंय का?” तिच्या प्रश्नाने पाठाची दिशा बदलली. तेव्हापासून हा भाग शिकवताना मी पुढील कृती देतो. इतर अध्यापकांनाही त्या उपयोगी पडतील.

१. एका पानावर ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘मानले’ असे तीन रकाने आखून प्रकरणातील दहा विधाने त्यांत वाटावीत.

२. लुटीच्या प्रत्येक टप्प्यानंतर एका मध्यम स्थितीतील कुटुंबाकडे काय उरले असेल त्याची यादी करावी.

३. ग्रंथातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. दरबाराच्या वर्णनातील आणि शहर पडल्यानंतरच्या वर्णनातील वाक्यांची लांबी, विशेषणे यांची तुलना करावी.

४. वैद्यांचा आणि पोतदारांचा पाठ यांतील एकच उतारा शेजारी ठेवून काय बदलले, काय गळले ते शोधावे.

५. ज्यांचे नाव ग्रंथात येत नाही अशा एका व्यक्तीच्या दृष्टीने वेढ्याचा एक दिवस लिहावा. मात्र ग्रंथाबाहेरची कोणतीही ‘घटना’ तथ्य म्हणून घालू नये.

दुसरी कृती मुलांना सर्वांत जड जाते. यादी लहान लहान होत जाते आणि चौथ्या टप्प्याला बहुतेकांचे कागद कोरे राहतात. त्यानंतर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

समारोप

युद्धविरोध शिकवावा म्हणून गोडशांनी ग्रंथ लिहिला नाही. ‘शांतता’ हा त्यांचा विषय नव्हता. कर्ज फेडायला बाहेर पडलेल्या माणसाने वाटेत जे घडले ते सांगितले. म्हणूनच त्यांची साक्ष अधिक विश्वसनीय वाटते. शौर्याचे साहित्य आपल्याला हवे. राणींचे चरित्र, पोवाडे, नाटके यांनी अनेक पिढ्यांना बळ दिले आहे. पण त्याच्या जोडीला घराघरांतून काय गेले हे सांगणारे साहित्य नसेल, तर पुढच्या पिढीला युद्ध हे दोन सेनापतींमधील प्रकरण वाटू लागते आणि ते स्वस्त वाटते.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी पाठ्यक्रमांत ‘माझा प्रवास’चा जो वेचा येतो तो बहुधा राणींच्या वर्णनाचा किंवा विहिरीच्या प्रसंगाचा असतो. माझी सूचना अशी की त्याच्या आधीचा, शहर पडल्यानंतरच्या दिवसांचा एक वेचा पोतदारांच्या पाठावरून, टिपांसह, त्याला जोडावा. वयाचा विचार करून निवड करता येईल. झाशीत कोणत्या गल्लीत कोणते मराठी घर होते हे सांगणारी वृद्ध मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्या घरांतील जुन्या हकीगती, मोडी कागद, देवघरात जपलेल्या वस्तूंच्या कथा अभ्यासवर्गांनी उतरवून घ्याव्यात. गोडशांच्या यादीत जी नावे राहिली त्यांतील काही तरी अशा कामातून भरता येतील.